पक्षाघातानंतर दमसास कसा वाढवावा

‘बाबा आता काठी घेऊन चालतात, पण हॉलमधून बाथरूमपर्यंत गेले की बसायला खुर्ची मागतात.’ पक्षाघात होऊन तीन-चार महिने झालेल्या अनेक घरांत हे वाक्य ऐकू येते. पायात ताकद आलेली असते, तोलही बराचसा सावरलेला असतो, तरी चार पावलांत दम लागतो. घरचे म्हणतात, अजून अशक्तपणा आहे, आराम करू द्या. मग पाण्याचा तांब्या हातात येतो, जेवण कॉटवर येते, टीव्हीचा रिमोट नातू आणून देतो. यामागे माया असते. पण या टप्प्यावर लागणारा दम बऱ्याच अंशी आरामामुळेच लागत असतो आणि आणखी आराम दिला की तो आणखी वाढतो.

हात-पाय हलते करण्याचे व्यायाम आणि दमसास वाढवण्याचे व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिजिओथेरपिस्ट घरी येतात, खांदा फिरवून घेतात, बोटे उघडतात, गुडघा वाकवतात, तोल सांभाळून उभे राहायला शिकवतात. हे सगळे हवेच. मात्र त्या तासाभरात हृदयाचे ठोके पंधरा-वीस मिनिटे सलग वाढलेले राहतील असे फार थोडे असते. ते वेगळे ठरवून, मोजून करावे लागते आणि घरी सर्वात आधी गळते तेही हेच. एरोबिक व्यायाम म्हटले की काहींच्या डोळ्यांपुढे गाण्याच्या तालावर उड्या मारणारी तरुण मंडळी येतात. इथे तसे काही अभिप्रेत नाही. शरीरातल्या मोठ्या स्नायूंची एका लयीत काही मिनिटे चालणारी, श्वास आणि नाडी थोडी वाढवणारी कोणतीही हालचाल एरोबिकच. खुर्चीत बसून आळीपाळीने पाय उचलणेसुद्धा.

दम जातो कुठे

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्याचा एक प्रयोग झाला. तेवढ्यात त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा मधल्या तीस वर्षांत वयाने जेवढे नुकसान केले होते त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केलेले नुकसान मोठे होते, असे दिसले. हे धडधाकट तरुणांचे झाले. साठीतला, रक्तदाब आणि मधुमेह असलेला माणूस पक्षाघातानंतर दोन-तीन महिने बहुतेक वेळ कॉटवर काढतो, तेव्हा त्याच्या हृदयाचे आणि स्नायूंचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

रुग्णालयातही चित्र फार वेगळे नसते. मेलबर्नमधल्या पक्षाघात विभागांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रुग्णांचा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात आणि साठ टक्क्यांहून अधिक वेळ एकट्याने गेल्याचे आढळले होते. खास पक्षाघातासाठी उभारलेल्या विभागांची ही गोष्ट आहे.

त्यात आणखी एक भर पडते. पक्षाघातानंतरची चाल महाग असते. पाय अर्धवर्तुळात फिरवत टाकावा लागतो, कंबर उचलावी लागते, चांगल्या बाजूवर सगळा भार येतो. तेवढेच अंतर चालायला निरोगी माणसापेक्षा दीडपट, कधी दुपटीच्या आसपास ऊर्जा लागते. एकीकडे कमाल क्षमता निम्म्यापर्यंत उतरलेली आणि दुसरीकडे प्रत्येक पावलाचा खर्च वाढलेला. मिळकत निम्मी होऊन भाडे दुप्पट व्हावे, तसा हा हिशेब आहे. म्हणून आंघोळ करणे, एक मजला चढणे ही कामेसुद्धा त्या माणसाच्या क्षमतेच्या टोकाला जाऊन पोचतात. तो आळस करत नाही आणि नाटकही करत नाही. घरच्यांनी हे आधी समजून घेतले तर पुढचे अर्धे वाद टळतील.

चाल सुधारण्यासाठी फिजिओथेरपी हवी आणि क्षमता वाढवण्यासाठी एरोबिक व्यायाम हवा. एरोबिक आणि ताकद वाढवणाऱ्या व्यायामांच्या ७५ चाचण्या आणि तीन हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हृदय-फुप्फुसांची क्षमता, चालण्याचा वेग आणि तोल यांत सुधारणा दिसली. मिटलेली बोटे उघडतील किंवा गेलेली वाचा परत येईल, असे आश्वासन या व्यायामाच्या नावाने कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण चालण्याचा पल्ला, झोप, मनाची उभारी, रक्तदाब आणि साखर यांवर त्याचा परिणाम होतो. दुसरा झटका टाळण्याच्या दृष्टीने शेवटच्या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. भारतासह ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात पक्षाघाताची जी दहा सुधारता येण्याजोगी कारणे पुढे आली, त्यांत उच्च रक्तदाब सर्वात वरचा होता आणि हालचालीचा अभावही त्या यादीत होता.

सुरुवात केव्हा

इथे घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. घाईबद्दल आधी सांगतो, कारण व्यायामाच्या उत्साहात ती बाजू सांगायची राहून जाते. ‘अव्हर्ट’ या पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांत रुग्णाला उठवून जास्त वेळ आणि जास्त वेळा हालचाल करवली गेली. तीन महिन्यांनी त्या गटाची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्या गटापेक्षा किंचित वाईट निघाली. २०१५ चा हा निष्कर्ष. जर्मनीत २०० रुग्णांवर झालेली दुसरी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात झटक्यानंतर पाच ते पंचेचाळीस दिवसांच्या आत ट्रेडमिलवरचा एरोबिक व्यायाम सुरू केला, तर नुसत्या शिथिलीकरणाच्या सत्रांपेक्षा अधिक फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रासाच्या घटना जास्त नोंदल्या गेल्या.

याचा अर्थ पहिले दोन महिने पडून राहावे असा मुळीच नाही. पहिल्या दिवसांत डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कुशी बदलणे, कॉटच्या कडेला पाय सोडून बसणे, खुर्चीत बसून जेवणे, आधाराने उभे राहणे हे थोडे-थोडे आणि वारंवार करायचे असते. ‘अव्हर्ट’च्या माहितीचे पुढे जे विश्लेषण झाले, तेही छोट्या आणि वारंवार सत्रांच्या बाजूनेच होते. ठोके वाढवणारा, ठरावीक मात्रेचा व्यायाम मात्र रक्तदाब स्थिर झाल्यावर, औषधांची घडी बसल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर हलक्या मात्रेने सुरू करावा. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना किंवा कवटीची शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यासाठी जास्त थांबावे लागू शकते.

दिरंगाईचे प्रकार आपल्याला ओळखीचे आहेत. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून कुठल्या तरी गावी नेऊन औषध पाजायचे, मालीशवाला शोधायचा, काही ठिकाणी कबुतराचे रक्त चोळायचे. यात महिने जातात आणि तेवढ्या काळात पायाची पोटरी आखडते, खांदा धरतो, दम संपतो. कोमट तेलाने हलके मालीश केल्याने बरे वाटत असेल तर करा. पण त्याला उपचार समजून बाकीचे थांबवू नका. आणि एक-दोन वर्षे उलटून गेली असतील तरी आता उशीर झाला असे मानायचे कारण नाही. एरोबिक व्यायामाचा फायदा दाखवणाऱ्या कित्येक चाचण्या झटक्यानंतर सहा महिने ते काही वर्षे लोटलेल्या लोकांवरच झालेल्या आहेत.

डॉक्टरांकडून लिहून घ्यायच्या गोष्टी

पक्षाघात झालेल्या अनेकांना हृदयविकारही असतो, काहींचा तोवर लक्षातही आलेला नसतो. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी हृदयाची तपासणी हवी. शहरात सोय असेल तर ईसीजी लावून व्यायाम चाचणी करून घ्यावी. ती शक्य नसेल तर फिजिओथेरपिस्टसमोर सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेऊन हलक्या मात्रेने सुरुवात करता येते. छातीत अलीकडे दुखत असेल, हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल, ठोके अनियमित आणि ताब्यात नसतील किंवा पायाच्या शिरेत गुठळी असेल, तर आधी त्यावर उपचार.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना तोंडी विचारून येऊ नका, फाइलवर लिहून घ्या. व्यायामापूर्वी बीपी किती असेल तर त्या दिवशी सुट्टी? ठोके कितीपर्यंत चालतील? ठोके कमी ठेवणारी गोळी चालू आहे का? रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर पडल्यावर काय करायचे? पाणी गिळताना ठसका लागतो, तर व्यायामात पाणी कसे द्यायचे? डॉक्टरांनी बीपीचा वेगळा आकडा दिलेला नसेल, तर बसल्या जागी वरचे १८० किंवा खालचे ११० च्या पुढे असताना त्या दिवशीचा व्यायाम सोडावा, ही घरासाठी सावध मर्यादा ठेवता येईल. बीपी चांगल्या हातावर मोजा. कोविडच्या काळात घेतलेला पल्स ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर तो बाहेर काढा आणि चांगल्या हाताच्या बोटाला लावा. त्यावर नाडी दिसते.

मधुमेह असून इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर व्यायामापूर्वी साखर मोजावी. ती १०० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे. सकाळी रिकाम्या पोटी फिरायला जाण्याची सवय अशा माणसांनी मोडायला हवी.

किती जोर लावायचा

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१४ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दर खेपेला २० ते ६० मिनिटे, मध्यम जोराचा व्यायाम हे गाठायचे ध्येय आहे. आधी आणि नंतर पाच ते दहा मिनिटे अंग हळूहळू तापवण्याची आणि निववण्याची. एका दमात वीस मिनिटे होत नसतील तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. सुरुवातीला तर दोन मिनिटे व्यायाम आणि दोन मिनिटे विश्रांती एवढेच जमेल, आणि तेही पुरेसे असते.

मध्यम जोर ओळखायचा कसा? सर्वात सोपी खूण बोलण्याची. व्यायाम करताना माणसाला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. आरामात अभंग म्हणता येत असेल तर जोर कमी आहे. एकेक शब्द तुटत असेल तर जास्त आहे. पण पक्षाघातात वाचा गेलेल्यांना ही खूण लागू पडत नाही. त्यांच्यासाठी एका पुठ्ठ्यावर पाच चेहरे काढा, अगदी निवांत ते अगदी धापा टाकणारा, आणि चांगल्या हाताने बोट ठेवायला सांगा. मधला चेहरा धरायचा. शिकलेल्या घरांत स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची श्रममोजणीही वापरता येते. तीत ११ म्हणजे हलके आणि १३ म्हणजे थोडे जड. सुरुवात ११ वर आणि पुढे १३-१४ पर्यंत.

नाडीचे गणित आवडणाऱ्यांसाठी एक उदाहरण. वय ६२, बसल्या जागी ठोके ७४. २२० मधून वय वजा केले की १५८ ही अंदाजी कमाल. त्यातून ७४ गेले, राहिले ८४. या ८४ चे ४० टक्के म्हणजे सुमारे ३४. ते ७४ मध्ये मिळवले की १०८. ६० टक्क्यांनी १२४. म्हणजे या गृहस्थांनी १०८ ते १२४ च्या दरम्यान राहावे, सुरुवातीचे आठवडे खालच्या टोकाजवळ. मात्र मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर हे गणित चुकते. कितीही दमले तरी नाडी वर जात नाही आणि माणूस आकडा गाठायच्या नादात क्षमतेपलीकडे जातो. ठोके मुळातच अनियमित असणाऱ्यांनाही ते लागू नाही. तिथे बोलण्याची किंवा चेहऱ्यांची खूणच खरी.

हल्ली थोडा वेळ खूप जोरात आणि थोडा वेळ विश्रांती अशा तीव्र व्यायामाची चर्चा पुष्कळ आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ५५ रुग्णांवरच्या एका चाचणीत बारा आठवड्यांनी अशा गटाचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सरासरी ७१ मीटरने वाढले, मध्यम गतीने चालणाऱ्यांचे २७ मीटरने. फरक मोठा आहे. पण ते रुग्ण आधी हृदयाची तपासणी झालेले होते आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालत होते. पुनर्वसन केंद्रात करायची ही गोष्ट आहे, सोसायटीच्या गच्चीवर नाही.

प्रत्यक्ष काय करायचे

उभे राहता येत नसेल त्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते. हात असलेली लाकडी जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. आळीपाळीने गुडघे उचलणे, एकेक पाय पुढे सरळ करणे, चांगल्या हाताने पुढे ठोसे मारल्यासारखे करणे. मेडिकल साहित्याच्या दुकानात मिळणारे छोटे पेडल यंत्र जमिनीवर ठेवून खुर्चीतून चालवता येते. बाधित पाऊल पेडलवरून घसरते, म्हणून ते पट्ट्याने बांधून घ्यावे आणि टाच कुठे घासत नाही ना, ते बघावे. मोजताना आकडे मोठ्याने म्हणायचे. त्याने श्वास कोंडला जात नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढते.

उभे राहता येते पण एकट्याने चालता येत नाही, असा वर्ग सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित. यांच्याकडे जरा थांबून पाहू. स्वयंपाकघराचा ओटा हा यांच्यासाठी उत्तम आधार आहे: स्थिर, कमरेच्या उंचीचा आणि प्रत्येक घरात असलेला. गॅस बंद करून, जमीन कोरडी करून, ओट्याला धरून जागच्या जागी पावले उचलावीत. मागे खुर्ची टेकवून ठेवावी, म्हणजे थकले की तिथेच बसता येते. एक मिनिट पावले, एक मिनिट बसून विश्रांती, असे पाच वेळा. आठवड्याने पावलांची मिनिटे वाढवायची, विश्रांती तेवढीच ठेवायची. दुसरा व्यायाम खुर्चीतून उठून बसण्याचा. हा नुसता मांडीच्या ताकदीचा वाटतो, पण सलग आठ-दहा वेळा केला तर नाडी चांगली वाढते. खुर्ची उंच असेल तर सोपे जाते, म्हणून आधी खाली घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवावी आणि जमू लागले की ती काढावी. उठताना बाधित पाय पुढे सरकवून सगळा भार चांगल्या पायावर टाकण्याकडे कल असतो. तेव्हा दोन्ही पावले बरोबरीने ठेवायची आठवण करून द्यावी. तिसरा व्यायाम घरातल्याच पॅसेजमध्ये किंवा चाळीच्या गॅलरीत सोबतीने फेऱ्या. अंतर मोजून घ्यावे, दोन्ही टोकांना खुर्च्या असाव्यात.

सोबत चालणाऱ्याने बाधित बाजूला, अर्धे पाऊल मागे राहायचे आणि कमरेचा पट्टा धरायचा. रुग्णाचा दंड किंवा मनगट धरून ओढू नये. खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, ओढल्याने तो निखळतो आणि ते दुखणे महिनोन् महिने टिकते. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काहींना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा दिसूनही लक्षात येत नाही. त्यांना मोकळी वाट द्या आणि डावीकडे बघायला शब्दाने सांगत राहा.

स्वतंत्र चालू शकणाऱ्यांनी चालणेच करावे. नेहमीच्या गतीने पाच मिनिटे, मग जरा भरभर दोन मिनिटे, पुन्हा नेहमीच्या गतीने, असे वीस मिनिटांपर्यंत नेत जावे. रस्ता सपाट आणि ओळखीचा हवा. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी, मुंबई-पुण्यातले उखडलेले पदपथ यांपेक्षा सोसायटीचे पार्किंग किंवा शाळेचे मैदान बरे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलपासून सकाळी सातच्या आत उरकावे. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात फार लवकर चक्कर येते. जिना हा चांगला व्यायाम आहे, पण कठडा चांगल्या हाताच्या बाजूला येतो का ते आधी बघा: चढताना येत असेल तर उतरताना तो दुसऱ्या बाजूला जातो, आणि पडण्याचा धोका उतरताना अधिक.

पायातल्या वस्तूंकडे आपले लक्ष नसते. रबरी स्लीपर बाधित पायातून निसटते आणि माणूस तिच्यावरच पाय देऊन पडतो. मागून पट्टा असलेली सॅंडल किंवा वेलक्रोचे बूट घ्या. पाऊल लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्टना विचारून घोट्याचा स्प्लिंट. चालून आल्यावर तळवा उजेडात बघा. संवेदना गेलेल्या पायाला फोड आलेला कळत नाही आणि सोबत मधुमेह असेल तर तो फोड पुढे मोठे दुखणे होतो. बायकांनी व्यायामाच्या वेळी साडीऐवजी सलवार-कमीज घालावा. पायघोळ साडीचा काठ बाधित पायात हमखास अडकतो.

आणि हो, बायकांबद्दल आणखी एक. पक्षाघातानंतर जरा हिंडू-फिरू लागलेली बाई घरकामाला लागते, आणि मग ‘तिला व्यायामाची काय गरज, दिवसभर कामच तर करते’ असे ठरते. एका हाताने भाजी चिरणे, उभ्याने पोळ्या करणे यात थकवा भरपूर येतो, पण नाडी सलग वाढलेली राहत नाही. तिला रोज वीस मिनिटे स्वतःसाठी काढून देणे ही घरातल्या इतरांची जबाबदारी आहे.

महागडी यंत्रे नाहीत म्हणून कोणी मागे हटू नये. अमेरिकेतल्या ४०८ रुग्णांच्या ‘लीप्स’ या चाचणीत एका गटाला पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवले आणि दुसऱ्याला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन ताकद आणि तोलाचे व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत दिले. वर्षभराने दोन्ही गटांची चालण्यातली प्रगती सारखीच होती. मात्र दोन्हीकडे तज्ज्ञाची नजर होती, हे विसरू नये. आपल्याकडे १४ रुग्णालयांत झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घेण्याचा प्रयत्न झाला. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. घरच्या माणसाची सोबत अमूल्य आहे, पण व्यायाम कोणता आणि केव्हा वाढवायचा हे त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. रोज फिजिओथेरपिस्ट परवडत नसतील तर पंधरा दिवसांतून एकदा जाऊन पुढच्या पंधरा दिवसांची मात्रा लिहून आणा.

थकवा आणि मन

पक्षाघातानंतर काहींना असा थकवा येतो की ज्याचा श्रमाशी संबंध नसतो. सकाळी उठल्याबरोबर माणूस गळालेला असतो. काहींना उदासीनता येते, ते बोलत नाहीत, व्यायामाचे नाव काढले की चिडतात. ही हट्टाची लक्षणे नव्हेत आणि दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालावीत. व्यायाम दिवसातल्या सर्वात ताज्या वेळी ठेवा, बहुतेकांची ती न्याहारीनंतर तासाभराने असते. मात्रा बरोबर आहे का, हे दुसऱ्या दिवशी कळते. व्यायामानंतर तासाभरात तरतरी परत आली तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंग गळालेले असेल तर मिनिटे निम्मी करा, व्यायाम बंद करू नका.

ताबडतोब थांबायचे प्रसंग वेगळे. छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटून अंग गार पडणे, ठोके अचानक धडधडणे, पोटरी एकाएकी सुजून दुखणे. यातले काहीही झाले तर बसवा आणि डॉक्टरांना कळवा. चेहरा एका बाजूला ओघळणे, हात किंवा पाय आधीपेक्षा जास्त लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तोल अचानक जाणे किंवा एकाएकी न दिसणे ही नव्या झटक्याची चिन्हे आहेत. जुन्याचाच त्रास असेल म्हणून वाट बघू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे लक्षण दिसले ती वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा.

मोजत राहा

प्रगती रोज दिसत नाही, म्हणून ती मोजावी लागते. घराबाहेर दहा मीटर अंतर खडूने आखा आणि ते नेहमीच्या चालीने किती सेकंदांत पार होते ते महिन्यातून एकदा बघा. २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर माणूस बहुधा घरापुरताच हिंडू शकतो; साडेबाराच्या आत आला की बाजारहाट, देऊळ, बँक आवाक्यात येतात. सहा मिनिटांत किती अंतर जाते तेही लिहा. एका साध्या वहीत तारीख, व्यायामापूर्वीचे बीपी, मिनिटे, चेहऱ्याची खूण आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा एवढे पाच रकाने पुरतात. ही वही दर खेपेला डॉक्टरांना दाखवा. औषधाचा डोस ठरवतानाही तिचा त्यांना उपयोग होतो.

मध्ये खंड पडणारच. ताप येईल, घरात लग्न निघेल, गणपतीत दहा दिवस पाहुणे असतील. चार-पाच दिवस चुकले तर जिथे होतात तिथून पुढे चालू करा, पहिले दोन दिवस जरा हलके ठेवून. दोन आठवडे गेले असतील तर मिनिटे निम्म्यावर आणून पुन्हा चढत जा. आणि मध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल, तर आधीच्या वहीतले आकडे न वापरता डॉक्टरांकडून नवी मर्यादा लिहून घेऊनच सुरुवात करा.